प्रेक्षक कोण? : भेदभावाचे शालेय शिक्षण आणि मराठी नाटक-चित्रपटांची परंपरा

३१ जानेवारी २०१६ रोजी बंगळुरू शहराच्या उत्तर भागात, यशवंतपूरच्या पुढे हेसरघट्टा रस्त्याच्या परिसरात मोटारीच्या धडकेने एका स्थानिक महिलेचा मृत्यू झाला. मोटार चालविणारा विद्यार्थी सुदानचा होता. काही वेळाने त्याच रस्त्याने टांझानियाची एक विद्यार्थिनी आपल्या मित्रांसह आली. जमावाने तिच्यावर हल्ला केला आणि त्यांची मोटार जाळली. अपघाताशी या मंडळींचा काहीही संबंध नव्हता. एकाच्या हातून घडलेल्या कृत्याची शिक्षा दुसऱ्या देशातील दुसऱ्या व्यक्तीला देण्यास जमावाला कातडीच्या रंगाखेरीज कोणताही पुरावा लागला नाही. याच शहरातून ऑगस्ट २०१२मध्ये अफवांमुळे भयभीत झालेले ईशान्य भारतातील हजारो लोक आगगाड्यांनी गावी परतले होते. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीत नीदो तानिया या अरुणाचली तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. समितीने कायद्यातील सुधारणांबरोबरच ईशान्य भारताचा इतिहास व संस्कृती यांना अभ्यासक्रमात स्थान देण्याची शिफारस केली.

अशा प्रत्येक घटनेनंतर शाळेकडे बोट दाखविले जाते, आणि ते रास्तही आहे. परंतु वांशिक पूर्वग्रह हा माहितीच्या अभावाने निर्माण होतो आणि माहिती दिली की नाहीसा होतो, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. पूर्वग्रह डोळ्यांत असतो, शरीराच्या हालचालीत असतो, कोणाच्या शेजारी बसावे आणि कोणाच्या हातचे पाणी प्यावे या सवयींत असतो. म्हणूनच माध्यमिक शाळेतील मुलांना त्याची जाणीव करून देण्यासाठी अनेक देशांतील शिक्षकांनी नाटक व चित्रपट ही शरीर आणि दृष्टी यांना आवाहन करणारी माध्यमे जवळ केली. भारतात २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही नाट्यकलेला शालेय शिक्षणात स्थान द्यावे असे सुचविले. या प्रयत्नांचा विचार करताना बहुधा विषय कोणता आणि संहिता कोणती एवढेच विचारले जाते. प्रेक्षक म्हणून नेमके कोणाला गृहीत धरले आहे, हा प्रश्न मागे राहतो. मराठी परंपरेचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने तिचे मोलही तेथेच आहे.

१

अमेरिकेतील दोन सुपरिचित उदाहरणे तुलनेसाठी घेता येतील. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६०मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६२मध्ये तिच्यावरील चित्रपट आला. पुढे अनेक दशके अमेरिकन शाळांत वर्णभेदाचा परिचय या दोहोंच्या आधाराने करून दिला गेला. कथेतील न्यायालयाच्या दृश्यात कृष्णवर्णीय नागरिक वरच्या सज्जात बसलेले आहेत. खटला त्यांच्यापैकी एकाच्या जिवाचा आहे, तरी त्यांची भूमिका पाहणाऱ्यांची आहे. वाचकाला जी दृष्टी मिळते ती गोऱ्या वकिलाच्या लहान मुलीची. या रचनेत अन्यायाचे आकलन गोऱ्या मुलीला होते, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो टॉम रॉबिन्सन त्या आकलनाचे निमित्त ठरतो.

दुसरे उदाहरण जेन एलियट या शिक्षिकेचे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवा राज्यातील राइसव्हिल या लहान गावात त्यांनी तिसरीच्या वर्गाची निळ्या डोळ्यांची आणि तपकिरी डोळ्यांची मुले अशी विभागणी केली. एका गटाला श्रेष्ठ ठरविले, दुसऱ्याला कनिष्ठ. नंतर भूमिका उलटविल्या. या प्रयोगावरील ‘द आय ऑफ द स्टॉर्म’ हा माहितीपट १९७०मध्ये आला व शिक्षणक्षेत्रात मोठ्या प्रमाणावर दाखविला गेला. हे एक प्रकारचे नाटकच होते. फरक इतकाच की ते नाटक आहे याची पात्रांना कल्पना नव्हती. येथेही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्या वर्गातील सर्व मुले गोरी होती. ज्यांच्या दुःखाचा अनुभव द्यायचा होता ती मुले वर्गात नव्हतीच.

दोन्ही उदाहरणांत शिक्षणाचा रोख सुस्थितीतील बालकाकडे आहे. त्याच्या मनात सहानुभाव जागविणे हा हेतू आहे. हेतू उदात्त आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वर्गात दोन्ही प्रकारची मुले एकाच वेळी बसलेली असतील तर काय होते, याचे उत्तर त्या रचनेत मिळत नाही.

२

मराठीत या प्रश्नाचा आरंभ नेमका उलट्या टोकाकडून झाला. जोतीराव फुले यांनी १८५५मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे सादर केले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही व नाटक नाकारले गेले, असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. नाटक प्रसिद्ध व्हायला १९७९ साल उजाडावे लागले. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून जोशी त्या गरीब जोडप्याला लुबाडतो, हे त्याचे कथानक. पतिपत्नीला फसवणूक उमगते आणि शेवटी ती दोघे फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करतात.

या नाटकाचा अपेक्षित प्रेक्षक जोशी नाही. जोशाला पश्चात्ताप व्हावा, यासाठी ते लिहिलेले नाही. लुबाडल्या गेलेल्या माणसाने आपली लूट ओळखावी यासाठी ते आहे. नाटकाचा शेवट शाळेच्या दाराशी होतो, हेही अर्थपूर्ण आहे. ज्या समाजाला शाळा नाकारली गेली होती त्याच्यासाठी रंगमंच ही शाळेच्या आधीची शाळा होती.

या नाटकातील विदूषकही तुलनेच्या अंगाने महत्त्वाचा आहे. कथानकात त्याला काही काम नाही. तो दोन पात्रांच्या संवादात मध्येच शिरतो, जोशाचे डावपेच उघड करतो आणि प्रेक्षकांना विचार करायला लावतो. संस्कृत नाटकातील राजाचा मित्र असलेल्या विदूषकाशी त्याचे नाते नावापुरते उरते. त्याचा खरा सोबती शंभराहून अधिक वर्षांनी ब्राझीलमध्ये आढळतो. ऑगुस्तो बोआल यांनी साओ पावलोच्या अरेना रंगभूमीवर १९६०च्या दशकात ‘जोकर’ ही योजना विकसित केली. कथानकाबाहेर उभा राहून ते थांबविणारा, त्यावर भाष्य करणारा आणि प्रेक्षकाला निष्क्रिय राहू न देणारा असा हा सूत्रधार. या योजनेची पायाभरणी ज्या प्रयोगाने झाली तो १९६५चा ‘अरेना कोन्ता झुंबी’ हा पळून गेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या स्वतंत्र वसाहतीविषयी होता. बोआल यांना फुल्यांची माहिती असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तरीही गुलामगिरीचा विषय आणि प्रेक्षकाला जागे करण्याची निकड दोन्हीकडे एकत्र आली, तेव्हा रंगमंचाला एकाच प्रकारच्या पात्राची गरज भासली, हे साम्य उपेक्षणीय नाही.

फुल्यांच्या विचारात वर्ण आणि जात यांची तुलना सुरुवातीपासून होती. १८७३मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. ही तुलना मराठीत पुढेही खंडित झाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या १९७८च्या ग्रंथाने मराठी वाचकाला कृष्णवर्णीय वाङ्मयाचा सविस्तर परिचय करून दिला. मात्र साम्याबरोबर भेदाचेही भान ठेवले गेले. जातिभेद हा वंशभेदातून उपजला, हे मत आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढले होते. शाळेच्या संदर्भात या भेदाला एक व्यावहारिक बाजू आहे. कातडीचा रंग दिसतो. जात विचारावी लागते. आडनाव, वस्ती, वडिलांचा व्यवसाय यांतून तिचा शोध घेतला जातो. त्यामुळे वर्णभेदावरील नाटक वर्गात आधीच दिसत असलेल्या गोष्टीविषयी बोलते, तर जातिभेदावरील नाटक एखाद्या मुलाने झाकून ठेवलेली गोष्ट उघडी पाडू शकते.

३

सत्यशोधक जलशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हीच शिकवण तमाशाच्या साच्यात घालून गावोगाव नेली. गणाला नवा अर्थ दिला गेला, गवळणीतील शृंगाराला फाटा मिळाला आणि सवाल-जबाबातून भटभिक्षुकशाहीची चिकित्सा होऊ लागली. १९३०च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा उभा केला. पाणवठा, मंदिर, शाळा ही त्यातील नेहमीची स्थळे. सादर करणारे आणि पाहणारे एकाच वस्तीतले असत. रंगमंचावर जे दिसे ते प्रेक्षकाला नवे नव्हते. ते चव्हाट्यावर मोठ्याने बोलता येते, ही गोष्ट नवी होती.

या परंपरेला शिक्षणसंस्थेच्या आवारात स्थान मिळाले ते औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या दास्याचा युगानुयुगांचा प्रवास दाखविणारे हे नाटक १९५५मध्ये विद्यार्थ्यांनी खुद्द बाबासाहेबांसमोर सादर केले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या आणि शिपाई नसेल तर तहानलेल्या राहिलेल्या मुलाने आपण स्थापन केलेल्या महाविद्यालयात हा प्रयोग पाहावा, या प्रसंगाचे ऐतिहासिक मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. शाळेतील त्याच पाण्याचा प्रश्न प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ या १९७७च्या एकांकिकेत निराळ्या रूपाने रंगमंचावर आला. दोन नटांवर उभी राहिलेली आणि नेपथ्याचा भार नसलेली ही एकांकिका महाविद्यालयीन रंगमंचावर आणि खेड्यापाड्यांत सहज करता येत होती, हेही तिच्या प्रसाराचे एक कारण मानावे लागेल.

४

याच काळात मुख्य प्रवाहातील बालवाङ्मय व बालरंगभूमी निराळ्या वाटेने चालली होती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये श्यामची आई त्याला रस्त्यात बसलेल्या वृद्ध महार बाईच्या डोक्यावर मोळी उचलून द्यायला सांगते, घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. १९३०च्या दशकात हा प्रसंग मुलांपुढे ठेवणे ही धाडसाची गोष्ट होती, आणि पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७मध्ये उपोषण करणाऱ्या लेखकाच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेणार नाही. तथापि प्रसंगाची रचना पाहिली तर येथील अपेक्षित वाचक श्यामच्या जागी उभा राहू शकणारा मुलगा आहे. मोळी उचलणाऱ्या बाईचा नातू हे पुस्तक वाचत असेल, आंघोळीपाशी तो अडखळेल, ही शक्यता रचनेत धरलेली नाही. आचार्य अत्रे यांनी १९५३मध्ये या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले व ही कथा मराठी बालमनाचा ठेवा झाली. करुणेची शिकवण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या मिळाली. त्या करुणेची दिशा मात्र वरून खाली अशीच राहिली.

बालरंगभूमीवर १९५९मध्ये सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने आणि १९६२पासून रत्नाकर मतकरींच्या बालनाट्य संस्थेने मुलांसाठी दर्जेदार नाटकांचा पाया घातला. प्रारंभीची ही नाटके प्रामुख्याने राक्षस, चेटकिणी आणि राजकन्या यांच्या अद्‌भुत विश्वातील होती. मुलाच्या आसपासचे वास्तव रंगमंचावर आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न १९८६मध्ये पुण्यात मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ग्रिप्स चळवळीने केला. मूळचे ग्रिप्स बर्लिनचे. फोल्कर लुडविग यांच्या त्या नाट्यसंस्थेने १९७३मध्ये जर्मनीत कामासाठी आलेल्या ग्रीक कुटुंबाविषयीच्या जर्मनांच्या पूर्वग्रहावर ‘आइन फेस्ट बाय पापाडाकिस’ हे बालनाट्य सादर केले होते. परक्या मजुराच्या मुलाला मंचावर नाव आणि आवाज देणाऱ्या या परंपरेशी मराठीचा संबंध जुळला, ही महत्त्वाची घटना होती. मोठ्यांच्या वागण्याला मुलांनी प्रश्न विचारण्याची मोकळीक त्यातून मराठी रंगमंचाला मिळाली. परंतु प्रेक्षागृहातील मुले बहुतांशी शहरी मध्यमवर्गीय होती. म्हणजे जलशाचा प्रेक्षक आणि बालनाट्याचा प्रेक्षक हे दोन्ही एकाच भाषेत, एकाच प्रांतात, परंतु एकमेकांना न भेटता वाढले.

५

हे दोन प्रेक्षक एकत्र आले ते चित्रपटगृहात. जब्बार पटेल यांच्या ‘मुक्ता’ (१९९४) या चित्रपटात अमेरिकेहून परतलेली सवर्ण नायिका दलित कार्यकर्त्या कवीच्या सहवासात येते. पुढे तिचा कृष्णवर्णीय अमेरिकन मित्रही भारतात येतो. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेत सूत्ररूपाने असलेली वर्ण आणि जात यांची तुलना येथे एका घराच्या उंबरठ्यावर उभी राहिली. पाहुण्याचा रंग आणि प्रियकराची जात या दोन गोष्टींकडे एकच कुटुंब कसे पाहते, हे दाखविताना जातीचा पूर्वग्रह आणि रंगाचा पूर्वग्रह एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे चित्रपटाने स्पष्ट केले.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) प्रेक्षकाचा प्रश्न थेट ऐरणीवर आणला. कैकाडी समाजातील जब्या हा शाळकरी मुलगा. वर्गात चोखोबांचा अभंग शिकविला जातो आणि त्याच गावात जब्याच्या कुटुंबाला डुकरे पकडावी लागतात. डुक्कर हाती येणार तोच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि सगळे निश्चल उभे राहतात. पकडलेले डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांची चित्रे दिसतात. अभ्यासक्रमात समतेचा धडा आहे, भिंतीवर समतेचे आचार्य आहेत आणि तरीही जब्याचे काही सुटत नाही. शाळेत भेदभावाविषयी शिकविणाऱ्या प्रत्येकाला या दृश्याचा सामना करावा लागेल.

त्याहून अधिक बोलकी आहे ती डुक्कर पकडण्याच्या प्रसंगाची मांडणी. गावकरी व शाळासोबती सामना पाहावा तसे बसून तो पाहतात, हसतात, शेरे मारतात. ज्या शालूने आपल्याकडे पाहावे म्हणून जब्या झुरतो, तीही पाहणाऱ्यांत आहे. जब्या आडोसा शोधत राहतो. जात दिसू नये यासाठी चाललेली त्याची सारी धडपड या प्रसंगात उघडी पडते. शेवटी तो दगड उचलतो. तो दगड कॅमेऱ्याच्या, म्हणजेच चित्रपटगृहातील प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तृतीय रत्नातील विदूषकाने जे बोलून केले, ते येथे एका दगडाने होते. तू कोणत्या बाजूला बसून पाहतो आहेस, हा त्याचा प्रश्न आहे. या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा व जब्या साकारणाऱ्या सोमनाथ अवघडे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

६

आता असा चित्रपट किंवा असे नाटक नववी-दहावीच्या वर्गात नेले तर काय घडते, याचा विचार करता येईल. वर्गात श्याम आहे, मोळीवाल्या बाईचा नातू आहे, शालू आहे आणि जब्याही आहे. एकाच दृश्यात एकाला करुणा वाटेल, दुसऱ्याला आपले घर उघड्यावर आल्यासारखे वाटेल. चर्चेत शिक्षकाने ‘असा अनुभव कोणाला आला आहे का?’ असे सहज विचारले, तरी आडोशाला बसलेल्या मुलाला त्याने नकळत उजेडात ओढलेले असते. नाटक बसविताना तर ही अडचण अधिक तीव्र होते, कारण भूमिका वाटाव्या लागतात. जब्याची भूमिका जब्याच्या समाजातील मुलाला दिली तर टोपणनाव त्याला वर्षभर चिकटू शकते. ती त्याला मुळीच दिली नाही, तर त्याच्या अनुभवावरचा त्याचा हक्क हिरावला जातो.

मराठी परंपरेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. ‘झुंबी’मध्ये कोणतीही भूमिका एका नटाची नव्हती, सर्वांनी सर्व पात्रे आळीपाळीने केली. वर्गातही जब्या, पाटील, शिक्षक आणि हसणारे सोबती ही सर्व पात्रे सर्वांच्या वाट्याला यायला हवीत. विशेषतः हसणाऱ्यांची भूमिका कोणालाही चुकता कामा नये, कारण भेदभावाच्या व्यवहारात सर्वांत मोठी संख्या त्यांचीच असते. जलशाने शिकविलेली दुसरी गोष्ट अशी की, अन्याय सोसणाऱ्याला रंगमंचाने दयेचा विषय न करता प्रश्नकर्ता करावे. ‘तृतीय रत्ना’तील कुणबी जोडपे शेवटी शिकायला निघते, क्षमा करायला नव्हे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे विदूषकाची जागा. शिक्षकाने ती घ्यावी, निवाडा करणाऱ्या पात्राची घेऊ नये.

यशवंतपूरपलीकडच्या रस्त्यावर २०१६मध्ये जमलेल्या जमावाला करुणेचे धडे मिळाले नव्हते, असे म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत ते मिळतात. आपण पाहतो तेव्हा कोणाच्या बाजूने पाहतो, हे विचारण्याची सवय लागलेली नव्हती. हल्ला करणारे नेहमीच थोडे असतात. भोवती उभे राहून पाहणारे अधिक असतात, आणि शाळेच्या हाती उद्याचे हे पाहणारे आहेत. १८५५मध्ये नाकारल्या गेलेल्या एका मराठी नाटकाने हाच प्रेक्षक घडविण्याचे काम हाती घेतले होते. ते काम दोन निरनिराळ्या प्रेक्षागृहांत विभागून राहिले, ही या परंपरेची मर्यादा. माध्यमिक शाळेचा वर्ग ही आज ते दोन्ही प्रेक्षक वर्षभर शेजारी बसत असलेली दुर्मिळ जागा आहे. मुलांची जात आणि घरे उघडी न पाडता त्यांना तेथे एकत्र पाहायला आणि एकत्र बोलायला शिकविणे, हे नाटक-चित्रपटांच्या शालेय उपयोगाचे खरे प्रयोजन मानावे लागेल.